अक्षर चांगलं असलेल्या मुली

एका तालुक्याच्या गावातून, माध्यमिक शाळेत आठवीच्या वर्गशिक्षिका असलेल्या बाईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझ्या वर्गात 51 मुलं आहेत, त्यांत 24 मुली. गेल्या वर्षापासून मी गटात काम द्यायला सुरुवात केली. पण दर वेळी तेच होतं. तक्ता मुली रंगवतात, मजकूर मुली लिहितात आणि वर्गापुढे उभा राहून बोलतो तो मुलगा. एका हुशार मुलीच्या वडिलांनी येऊन सुनावलं, 'बाकीच्यांचा अभ्यास माझ्या पोरीने का करायचा?' दुसऱ्या एका मुलीची आई म्हणाली, 'गटात बसून फार बोलायला शिकलीय. घरी उलटून बोलते. उद्या सासरी कसं व्हायचं?' आता मुख्याध्यापकांनी किशोरी मेळावा घ्यायला सांगितलंय. विषय आहे 'समाजात वावरण्यासाठी मुलींची तयारी'. रांगोळी, पाककला आणि एका पाहुण्यांचं भाषण असं ठरलंय. मला हे पुरेसं वाटत नाही, पण याऐवजी काय करावं तेही सुचत नाही. मुलींना समाजासाठी तयार करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

प्रिय बाई,

तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. तक्ता मुली रंगवतात आणि बोलतो मुलगा, हे माझ्याच वर्गाचं वर्णन आहे. मी 31 वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं मला हे दिसलंसुद्धा नव्हतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं. सहावी ते आठवी, प्रत्येक गटात मी तिला लेखनिक केलं. फळ्यावरचा सुविचार तिने लिहायचा, भित्तिपत्रक तिने लिहायचं, स्नेहसंमेलनाच्या पाकिटांवरचे पत्तेही तिनेच घालायचे. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक करायचे आणि मला वाटायचं, आपण हिला संधी देतोय. पंधरा-सोळा वर्षांनी ती आठवडी बाजारात भेटली. कडेवर मूल होतं, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. बचत गटात आहे म्हणाली. मी हौसेने विचारलं, "अध्यक्ष आहेस का?" तर म्हणाली, "नाही बाई, सचिव. इतिवृत्त लिहिते. अक्षर चांगलं आहे ना, मला लिहायलाच देतात." मग कर्ज कुणाला द्यायचं ते कोण ठरवतं, असं मी विचारलं. ती हसली आणि दुसऱ्याच दोघींची नावं घेतली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणून तर ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. लिहायलाच देतात. तिला ती सवय लावणारी पहिली मी होते.

म्हणून तुमच्या प्रश्नाला मी असं उत्तर देईन. मिळून काम करायला आपल्या मुलींना शिकवावं लागत नाही. धाकट्याला सांभाळत, पाणी भरत, पाहुणे आले की कुणी न सांगता उठत त्या ते घरूनच शिकून येतात. त्यांना ठरवायला मिळत नाही. चार पैसे कशावर खर्चायचे, कुणाला आपल्यात घ्यायचं, मैत्रिणीचं चुकलं तर तिला तोंडावर कसं सांगायचं, आणि आपलं म्हणणं मागे पडलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच गटात येऊन कसं बसायचं. समाजात वावरायचं म्हणजे हेच सगळं, आणि ते शिकायला चार माणसं लागतात. एकटीला पुस्तक देऊन ते येत नाही, पाहुण्यांच्या भाषणाने तर नाहीच.

आता आधी त्या वडिलांचं बघू, कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही. आपण ज्याला गटकार्य म्हणतो त्यात बहुतेक वेळा एकीने राबायचं आणि पाच जणांनी गुण घ्यायचे असंच होतं. ते वडील चिडले ते बरोबरच चिडले. बदलायची आहे ती कामाची रचना.

1971 साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, शाळांची जुनी वर्णावरची विभागणी मोडून गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आणली गेली होती. वर्गावर्गात ताण होता, मारामाऱ्या होत होत्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या शिक्षकांबरोबर एक साधी युक्ती केली. धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कुणाकडेच नाही. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. मग ज्याच्याशी कालपर्यंत कुणी बोलत नव्हतं त्याचंही कान देऊन ऐकावं लागलं, कारण त्याच्याकडचा तुकडा दुसरीकडे कुठे मिळणारच नव्हता.

तुमच्या वर्गात हे असं करता येईल. विषय घ्या 'आपल्या गावाचं पाणी'. चार तुकडे करा. पहिला, जुन्या विहिरी आणि आड कुठे होते आणि कधी आटले, हे आजी-आजोबांना विचारून आणायचं. दुसरा, घरात पाणी कोण भरतं आणि त्यात दिवसाचा किती वेळ जातो. तिसरा, पाणीपट्टी किती, ती कोण भरतं आणि पाणी सोडायची वेळ कोण ठरवतं. चौथा, शाळेची टाकी कधी धुतली आणि धुतो कोण. 51 मुलांचे 12 गट करा, 9 चौघांचे आणि 3 पाच जणांचे. पाचव्याने कुणाच्या तरी तुकड्यात जोडीदार व्हायचं. 24 मुली म्हणजे प्रत्येक गटात बरोबर दोघी येतात, आणि हे पाळाच. तीन मुलांत एकटी मुलगी कधीही बसवू नका, ती पहिल्याच दिवशी पेन हातात घेईल आणि मान खाली घालेल.

आधी सारख्या तुकड्याची मुलं एकत्र बसून तयारी करतील. मग आपापल्या गटात परत जाऊन बाकीच्यांना समजावतील. कागद द्यायचा नाही, तोंडाने सांगायचं. शेवटी तुम्ही प्रत्येक गटातून एक चिठ्ठी काढायची. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्याने चारही तुकड्यांवर बोलायचं आणि त्यावर गटाचे गुण. वैयक्तिक लेखी परीक्षा वेगळी ठेवा, म्हणजे त्या वडिलांनाही सांगता येईल की तुमच्या मुलीचे गुण तिचेच आहेत. एक मात्र मी अनुभवाने सांगते. जी मुलगी बाजूच्या अडखळणाऱ्या मुलाला पाणीपट्टीचा हिशेब तीनदा तीन तऱ्हांनी समजावते, तिचा स्वतःचा तो हिशेब आयुष्यात चुकत नाही.

गटातली कामं दर आठवड्याला फिरती ठेवा: प्रमुख, लेखनिक, वेळ बघणारी, शंका काढणारी, वर्गापुढे बोलून मांडणी करणारी. चौघांच्या गटात एकाकडे दोन कामं येतील. पण पहिली फिरवाफिरव तुमच्या हाताने करा, मुलांवर सोडू नका. माझं ऐकाल तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लेखनिक फक्त मुलगे आणि मांडणी फक्त मुलींची. मुलग्यांचं अक्षर वाईट आहे असं तुम्हाला सांगितलं जाईल. लिहून लिहून सुधारेल. तक्ते थोडे ओबडधोबड दिसतील, तपासणीला साहेब आले की तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, तरी तेच तक्ते भिंतीवर लावा.

आणि गटाचं काम शाळेच्या वेळेतच संपवा. ही गोष्ट छोटी वाटेल, पण मी तिला फार मानते. "उरलेलं घरी जमून करा" म्हटलं की मुलगे जमतात. मुलीला साडेपाचच्या एसटीने गाव गाठायचं असतं, गेल्या गेल्या पाणी आलेलं असतं, संध्याकाळच्या भाकरी तिच्याकडे असतात. ती येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गट म्हणतो, "ती कामच करत नाही."

आता त्या आईबद्दल. तिच्यावर रागावू नका आणि पालकसभेत तिचं म्हणणं खोडून तर मुळीच काढू नका. मुलगी उलटून बोलली की घरात बोल कुणाला बसतो? आईलाच. "हेच वळण लावलंस का" हे तिला ऐकावं लागतं. तिला लेकीची काळजी आहे आणि सासरी काय चालतं ते तिने सोसून पाहिलेलं आहे. शाळेत मोकळं बोलायला काही मोल पडत नाही, घरी त्याची किंमत मोजावी लागते, हे आपण शिक्षिका फार लवकर विसरतो. मुलीला एकटीला घराशी झुंजायला पाठवण्यापेक्षा तिच्या घरालाच शाळेत बोलवा.

कसं बोलवायचं तेही सांगते. तुमच्या वर्गातल्या किती जणींच्या आया बचत गटात आहेत, हात वर करायला सांगा. तुम्ही चकित व्हाल. त्या बायकांना पंचसूत्री पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. दहा ते वीस बायका महिन्यातून ठरल्या दिवशी सतरंजीवर गोल बसतात, हजेरी घेतात, मागच्या बैठकीचं वाचून दाखवतात, आणि कुणाचा हप्ता थकला तर तिच्याशी गोडीत पण स्पष्ट बोलतात. सभा चालवण्याचा हा सगळा अभ्यास गावात जिवंत चालू आहे आणि शाळेच्या फाटकाबाहेर थांबला आहे. त्या आईलाच वर्गात बोलवा. म्हणा, "आमच्या मुलांना बैठक कशी घ्यायची ते दाखवा." आईला फळ्यासमोर उभं राहून बोलताना मुलीने एकदा बघितलं की दोघींमधलं बोलणं बदलतं. त्या दिवशी मुलग्यांनाही समोर बसवा. आपली आई हिशेबात चुकत नाही, हे त्यांनीही पाहायला हवं.

आणि वर्गात विरोध करायची भाषा मुद्दाम घोटून घ्या, पाढे घोटतो तशी. "मला हे पटत नाही, कारण…" "तुझं म्हणणं मला असं कळलं, बरोबर आहे का?" "आत्ता मला सांगता येत नाही, मी उद्या सांगते." तिसरं वाक्य मुलींच्या फार कामाचं आहे. आपल्या मुलींना लगेच हो म्हणायची सवय असते, आणि ते नंतर निस्तरता येत नाही. उलटून बोलणं आणि आपलं म्हणणं मांडणं यांतला फरक त्यांना अशा वाक्यांतून कळतो. "नीट बोल गं" असं दहादा सांगून कळत नाही.

हे सगळं लवकर करायला हवं, याचं एक अगदी व्यवहारी कारण आहे. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. ग्रामपंचायतीला उभं राहायला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या आठवीतल्या मुली आज तेरा वर्षांच्या आहेत. आठ वर्षं उरली. त्यांच्यातली एखादी त्या खुर्चीवर बसेल तेव्हा शेजारी नवरा किंवा सासरा बसून बोलेल आणि ही सही करेल, की ही स्वतः बोलेल, ते तुमच्या वर्गात आज कोण बोलतं यावर थोडं तरी अवलंबून आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आपल्याकडे कायद्यात आहे. ती तुमच्या गावात कधी होते याची चौकशी करा, आयांबरोबर मुलींना एकदा तिथे मागे बसवून ऐकू द्या. ती कागदावरच होत असेल तर तेही मुलींना कळू द्या.

राहिला मेळावा. मुख्याध्यापकांशी भांडू नका, मेळावा घ्या. फक्त रूपरेषा तुम्ही ठरवू नका, मुलींकडून ठरवून घ्या. मी हे हादग्याच्या निमित्ताने शिकले, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे शाळेत हादगा व्हायचा. कुठे त्याला भोंडला म्हणतात, खानदेश-विदर्भात भुलाबाई असते, तुमच्या भागात जे असेल ते घ्या. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, रोज एक गाणं वाढवायचं आणि शेवटी खिरापत ओळखायची. वर्षानुवर्षं आम्ही शिक्षिकाच सगळं करायचो आणि मुली नुसत्या फेर धरायच्या. एका वर्षी मी म्हटलं, तुम्ही ठरवा, मी कोपऱ्यात बसते. एका वहीत इतिवृत्त लिहायचं एवढीच माझी अट.

पहिला प्रश्न खिरापतीचा आला. कुणी म्हणालं, प्रत्येकीने 10 रुपये आणायचे. त्यावर तीन मुली गप्प झाल्या. वस्तीवरून येणाऱ्या होत्या, मला कळलं, पण मी तोंड उघडलं नाही. अर्धा-पाऊण तास वाद झाला. रडारड झाली. एकजण म्हणाली, ज्यांना जमत नाही त्यांचे आम्ही भरू. त्यावर त्या तिघींतली एक उठली आणि म्हणाली, "आमचं कुणी भरायचं नाही." वर्गात शांतता पसरली. शेवटी त्यांचं ठरलं ते असं: पैसे नकोत. प्रत्येकीने घरून मूठभर काहीतरी आणायचं, चुरमुरे, शेंगदाणे, डाळं, गुळाचा खडा, जे असेल ते. बंद मुठीने सगळ्यांनी एका मोठ्या पातेल्यात टाकायचं. कुणी काय आणलं ते कुणाला दिसणार नाही. मला हे सुचलं नसतं. मी गुपचूप माझ्या पर्समधून 30 रुपये काढून दिले असते आणि स्वतःला मायाळू समजले असते.

दुसरी गोष्ट फेराच्या दिवशीची. एक मुलगी ओट्यावर लांब बसली होती. "मला चालत नाही," म्हणाली. बाहेर बसायचे दिवस होते तिचे. मी तिथेही काही बोलले नाही, आणि बरोबर केलं की नाही याचा विचार पुढे पुष्कळ केला. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मुलींनी स्वतःच विषय काढला. दोघी म्हणाल्या, असलं काही मानायचं नाही. एक म्हणाली, माझी आजी मानते आणि मला आजीला दुखवायचं नाही. वहीत ठराव लिहिला गेला: "ज्या मुलीला फेरात यायचं असेल तिने यावे. का आली नाही असे कोणी विचारू नये. का आली असेही कोणी विचारू नये." मी असते तर एक जोरदार भाषण ठोकलं असतं. मुलींनी ओट्यावरच्या मैत्रिणीसाठी वाट मोकळी केली आणि आजीलाही मोडीत काढलं नाही. दोन दिवसांनी ती मुलगी फेरात होती. तिच्या घरी हे कळलं का, मी विचारलं नाही. ठराव मलाही लागू होता.

हादग्याच्या जुन्या गाण्यांत सासुरवास फार आहे. माहेरी जायला सून घरातल्या एकेकाची परवानगी मागत फिरते. ती गाणी गाळू नका, म्हणू द्या, आणि मग एक कडवं मुलींना मिळून नवीन रचायला सांगा. सांस्कृतिक जीवनासाठी तयारी म्हणजे माझ्या मते हेच, की आजीकडून घेतलेलं आपल्या तोंडाने म्हणायचं आणि त्यात आपली एक ओळ घालायची. कुणाला फेरात बोलवलं जात नव्हतं, हेही त्यांना विचारू द्या. पूर्वी अनेक आळ्यांतल्या मुली त्या फेरात नसत. सावित्रीबाईंनी 1852 मध्ये पुण्यात संक्रांतीचा तिळगूळ आणि हळदीकुंकू ठेवलं, तेव्हा सगळ्या जातींच्या बायकांनी एकाच जाजमावर बसायचं अशी रीत घातली. सण जुनाच होता, बसायची रीत नवी केली. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तुमच्या मुलींपेक्षा जेमतेम वर्षभराने मोठी होती ती. मेळाव्यात पाहुण्यांचं भाषण ठेवायचंच असेल तर ते दहा मिनिटांचं करा आणि हा निबंध मुलींनी परिच्छेद वाटून घेऊन मोठ्याने वाचावा. तो लहानसाच आहे. वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी काही बोलणार नाही, त्या वेळी तुम्हीही बोलू नका.

रांगोळी राहू द्या, पाककला राहू द्या. चुलीपाशी मुलगेही असू द्या आणि मेळाव्याचा खर्च मुलींच्या हातात द्या. साहित्य आणायला दोघींना दुकानात पाठवा, भाव करू द्या, पावती आणू द्या. हिशेब जुळला नाही तर दटावू नका, सगळ्यांसमोर पुन्हा करायला लावा. दीडदोनशे रुपयांच्या त्या हिशेबात जे शिकणं होतं ते माझ्या कुठल्याच तासाला झालं नाही.

मुख्याध्यापकांना एवढंच सांगा की रूपरेषा मुलींच्या बैठकीत ठरेल आणि ती तुम्ही लेखी आणून द्याल. नकार आला तर अर्धा मेळावा त्यांच्या पद्धतीने आणि अर्धा मुलींचा, असं मागून घ्या. पहिल्या वर्षी एवढं पुष्कळ झालं.

त्या बैठकीचं इतिवृत्त एखाद्या मुलग्याकडून लिहून घ्या आणि त्याची एक प्रत मला पाठवा. शुद्धलेखन सुधारू नका. कुठल्या मुलीने काय म्हटलं ते मला वाचायचं आहे.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका